मूल मध्ये, फळा बाजूला

(छत्रपती संभाजीनगर येथे मंडळीतील हितचिंतक आणि वस्तीवरील अभ्यासवर्गांच्या शिक्षिका यांच्या एकत्र मेळाव्यात केलेले भाषण)



आज मला मुलांच्या शिक्षणावर बोलायला सांगितले आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण दर महिन्याला आपल्या कमाईतून काही भाग आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला काढतात. कोणी निवृत्तिवेतनातून देते, कोणी वाढदिवसाची मेजवानी टाळून देते. त्यामुळे आपल्या मनात एक साधा प्रश्न असणे बरोबरच आहे: आमच्या देणगीतून मूल काय शिकले? या प्रश्नाला वह्या किती वाटल्या, दप्तरे किती दिली, हजेरी किती भरली, असे उत्तर देणे सोपे असते. पण प्रश्न वह्यांचा नव्हता, शिकण्याचा होता. म्हणून मी आज शिकण्याविषयीच बोलणार आहे.

पाहुणे वस्तीवर येतात तेव्हा काय होते ते आपण जाणता. मुले अंघोळ करून, केसांना तेल लावून रांगेत उभी राहतात. स्वागतगीत होते. मग एक मुलगी पुढे येऊन इंग्रजी बडबडगीत म्हणते, एक मुलगा सतराचा पाढा म्हणतो, पाठ केलेले वचन होते, टाळ्या होतात, खाऊ वाटला जातो. पाहुणे समाधानाने परततात. यात वाईट काही नाही. मुलांनाही सोहळा आवडतो. पण त्याच मुलीच्या हातात तिने कधी न पाहिलेल्या गोष्टीच्या चार ओळी द्या आणि वाचायला सांगा. त्याच मुलाला विचारा, सतरा रुपये किलोने तीन किलो कांदे घेतले आणि शंभराची नोट दिली तर परत किती मिळतील? कित्येकदा तिथे शांतता पसरते. पाठांतर आवाजात असते, समज डोक्यात असते, आणि दोन्ही एकाच वेळी असतीलच असे नाही.

हे मूल मंदबुद्धीचे आहे म्हणून होत नाही. कन्नड आणि सोयगाव तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यातल्या भिल्ल वस्त्यांवर आठ वर्षांचे मूल शेळ्या मोजून आणते, कोणती शेळी कोणाची ते सांगते, कोणत्या झाडाचा डिंक कधी काढायचा हे त्याला ठाऊक असते. आठवडी बाजारात आईबरोबर बसून ते हिशेब करते. मग वर्गात आल्यावर त्याची जीभ का अडखळते? मला याची चार कारणे दिसतात.

पहिले कारण भाषेचे. घरात जी बोली बोलतात ती पुस्तकात नसते. पहिलीच्या पहिल्या दिवशी मूल बाईंचे बोलणे ऐकते आणि त्यातले निम्मे त्याला कळत नाही. ते गप्प बसते. बाईंना वाटते, मूल लाजाळू आहे. दोन वर्षे गप्प बसलेले मूल पुढे बोलेनासेच होते.

दुसरे कारण स्थलांतराचे. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन आईबाप ऊसतोडीला निघतात. काही कुटुंबे कापूस वेचायला जातात. मुले बरोबर जातात, कारण मागे सांभाळायला कोणी नसते. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती परत येतात तेव्हा वर्ग पुस्तकाच्या शेवटच्या पाठांवर पोचलेला असतो.

तिसरे कारण धाकट्या भावंडांचे. मोठ्या मुलीच्या कडेवर लहान भाऊ असतो. वर्गात बाळ आणू नकोस म्हटले की तीही येत नाही.

चौथे कारण भीतीचे. उत्तर चुकले की हसतील, ओरडा बसेल, म्हणून उत्तरच द्यायचे नाही, ही गोष्ट मूल फार लवकर शिकते.

ही चारही कारणे पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. आपण शाळा जशी आहे तशी ठेवून मुलाला तिच्यात बसवायला पाहतो. मूल बसले नाही की मुलाला दोष देतो. त्याऐवजी मूल जसे आहे तिथून शाळा सुरू केली तर काय होईल?

हा विचार आपल्याला परका नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय आठवा. स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण, हे शिष्य विचारत होते. प्रभूने काय केले? एका बालकाला बोलावून घेतले आणि त्यांच्या मध्ये उभे केले. धडा मोठ्यांसाठी होता, आणि मध्यभागी मूल होते. प्रभूची शिकवण्याची रीतही पाहा. शेतकऱ्यांना पेरणीचा दाखला, कोळ्यांना जाळ्याचा, घर सांभाळणाऱ्या बायांना खमिराचा आणि हरवलेल्या नाण्याचा. ऐकणाऱ्याला जे रोज दिसते तिथून सुरुवात, आणि पुष्कळदा शेवटी प्रश्न, म्हणजे उत्तर ऐकणाऱ्यानेच शोधायचे. आजच्या शिक्षणशास्त्रात याला विद्यार्थिकेंद्री पद्धत म्हणतात.

आपल्या महाराष्ट्रात ही वाट आधीच मळलेली आहे. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या ते आपण वाचले असेल. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या गेल्या होत्या. पण तिथे राहून त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा, म्हणजे किंडरगार्टनचा, अभ्यास केला. लहान मूल हातांनी, खेळातून, गाण्यातून शिकते, हा फ्रोबेलचा विचार त्यांना पटला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले तेव्हा हा विचार त्यांच्याबरोबर होता. विधवा आणि अनाथ मुलींच्या शिक्षणात त्यांनी हातांच्या कामाला मानाची जागा दिली.

दुसरे उदाहरण आदिवासी मुलांच्या कामाशी थेट जोडलेले आहे. ताराबाई मोडक या शिकलेल्या, राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य राहिलेल्या बाई. ती नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाच्या कामात गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरीबाईंच्या पद्धतीवर त्यांचा विश्वास होता, पण एक अडचण होती. ती साधने महाग होती आणि ती शाळा शहरातल्या खात्यापित्या घरांपुरती राहत होती. गरिबाच्या मुलाचे काय? हा प्रश्न घेऊन ताराबाई १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या गावी गेल्या. आज तो भाग पालघर जिल्ह्यात येतो. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले होते आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले होते. नंतर शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. बोर्डीला आल्या तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या, आणि त्यानंतरचे सारे आयुष्य त्यांनी त्याच भागाला दिले.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण वस्तीवरची गरीब मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा या दोघींनी मुलांच्या नावाने बोटे मोडली नाहीत. त्या स्वतः वस्तीवर गेल्या आणि झोपड्यांपुढच्या अंगणातच शाळा भरवू लागल्या. मुलांना अंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. तिथली मुले गुरे राखायला कुरणात जात. मग शिक्षिकाच सामानाची पिशवी घेऊन कुरणात गेल्या, आणि कुरणशाळा सुरू झाली. मोठ्या बहिणीच्या कडेवर बाळ असे, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. तिला विकासवाडी म्हटले. बाळ पाळण्यात, मधले भावंड बालवाडीत आणि ताई वर्गात. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, गोटे, पाने, माती आली. मोजायला, वर्गवारी करायला, लहानमोठे ओळखायला यापेक्षा चांगले साधन कोणते?

मघाशी मी जी चार कारणे सांगितली त्यांतली किती इथे सुटली पाहा. मूल येत नाही तर शाळा जाते. बाळ आहे तर बाळासह या. वस्तू महाग आहे तर टेकडीवरची वस्तू घ्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रांना आज देशभर अंगणवाडी म्हणतात. आपल्या प्रत्येक वस्तीवर जो शब्द रोज उच्चारला जातो, त्यामागे या दोघींची ही पायपीट आहे.

आता आपल्या अभ्यासवर्गात याचा अर्थ काय? मी तीन उदाहरणे देते. शिक्षिका भगिनींनी ती उद्याच करून पाहावीत.

पहिले उदाहरण हातच्याच्या वजाबाकीचे. बेचाळीसमधून सतरा वजा करायचे. फळ्यावर आपण सांगतो, दोनातून सात जात नाहीत, शेजारून एक घे. मूल विचारत नाही, पण त्याच्या मनात येते, शेजारून एक घेतला तर त्याचे बारा कसे झाले? त्याऐवजी तुरीच्या नाहीतर खराट्याच्या काड्या घ्या. दहा-दहाच्या जुड्या बांधा. मुलापुढे चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या ठेवा आणि म्हणा, यातून मला सतरा काड्या दे. मग गप्प बसा. मूल एक जुडी देईल. सात सुट्या द्यायला जाईल, तर दोनच आहेत. थोडा वेळ विचार करेल आणि मग स्वतःच एक जुडी सोडेल. बारा काड्या झाल्या, सात दिल्या, पाच उरल्या. जुड्या दोन उरल्या. पंचवीस. ती जुडी मुलाने स्वतःच्या हाताने सोडली, म्हणून त्याला हातचा कळला. इथे बाईंचे सर्वांत कठीण काम कोणते होते? गप्प बसणे.

दुसरे उदाहरण वाचनाचे. बाराखडी संपेपर्यंत मुलाला गोष्ट वाचायला द्यायची नाही, असा आपल्याकडे रिवाज आहे. त्याऐवजी सकाळी मुलांना गोल बसवा आणि विचारा, काल काय काय केले? एक म्हणेल, मी शेळी चारली. दुसरी म्हणेल, आमच्या घरी पाहुणे आले. ज्या शब्दांत मूल बोलले त्याच शब्दांत मोठ्या कागदावर लिहा. बोलीतला शब्द असेल तर बोलीतलाच लिहा. खाली त्या मुलाचे नाव लिहा. मग बोट ठेवून सगळ्यांनी वाचा. शेळी हा शब्द कुठे आहे? ‘श’ आणखी कुठे दिसतो? महिनाभरात भिंतीवर मुलांचे स्वतःचे पुस्तक तयार होते. त्यात आपले नाव आहे, आपली शेळी आहे, म्हणून मूल ते पुन्हा पुन्हा वाचते. पुढच्या महिन्यात बोलीतल्या शब्दाशेजारी पुस्तकातला मराठी शब्द लिहायचा. घरचा शब्द पुसायचा नाही, त्याच्या जोडीला दुसरा द्यायचा. ज्या मुलाला आपले घर फळ्यावर दिसते, ते बोलू लागते.

तिसरे उदाहरण पातळीचे. एका खोलीत पहिली ते पाचवीची पंचवीस मुले असतात. चौथीतले एखादे अजून अक्षरे जोडत असते आणि दुसरीतली एखादी भरभर वाचते. इयत्तेप्रमाणे बसवले तर दोघांचेही नुकसान. म्हणून दिवसातला एक तास इयत्ता विसरा आणि पातळीप्रमाणे गट करा: अक्षर ओळखणारे, शब्द वाचणारे, परिच्छेद वाचणारे, गोष्ट वाचणारे. एका गटाजवळ बाई बसतील, दुसऱ्या गटाला वाचणारी मुलगी मदत करील, तिसरा चिंचोक्यांचा खेळ खेळेल. ऊसतोडीहून परतलेल्या मुलालाही इथे जागा असते. पुस्तकाचा कितवा पाठ चालू आहे हे त्याला कोणी विचारत नाही. तू कुठवर आलास, एवढेच विचारतात, आणि तिथून पुढे नेतात.

आता आक्षेपांकडे येते. आईबाप विचारतात, बाई, नुसते खेळत बसले तर अभ्यास कधी होणार? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. जो बाप स्वतः अंगठा उठवतो त्याला शिक्षणाची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते. त्याच्या मुलाला पुढे परीक्षा द्यायची आहे, बसचा फलक, बँकेचा अर्ज वाचायचा आहे, इंग्रजीही लागणार आहे. त्याला खरे उत्तर द्यायला हवे. हेतू नसलेला खेळ म्हणजे शिकवणे नव्हे, हे आधी कबूल करू या. चिंचोके पुढ्यात टाकून बाई हजेरी लिहीत बसल्या तर तो वेळेचा अपव्ययच. आपल्या जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांच्या फरशीवर आता अंकांच्या चौकटी आणि अक्षरांची वर्तुळे रंगवलेली दिसतात. जिथे शिक्षक त्यांवर मुलांशी बोलतात तिथे त्या जिवंत होतात, नाहीतर तो नुसता रंग. मुलाला मध्ये ठेवायचे तर बाईंचे काम वाढते. आज कोणाला काय आले, उद्या कोणापुढे काय ठेवायचे, हे रोज वहीत लिहावे लागते. पाढेही हवेत, शुद्धलेखनही हवे, पण समजल्यानंतर. आणि बापाला पटवायचा सोपा मार्ग एकच आहे. महिन्यातून एकदा त्याला वर्गात बोलवा आणि त्याच्या मुलीला त्याच्यासमोर नवी गोष्ट वाचू द्या. त्याच बापाला दुसऱ्या दिवशी शिक्षक म्हणून बोलवा. टोपली कशी विणतात, मध कसा काढतात, ते त्याने मुलांना सांगावे. आपल्या बापाकडेही विद्या आहे, हे मुलाने वर्गात पाहिले पाहिजे.

ही आपल्या मर्जीची गोष्ट आहे, असेही नाही. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २९ मध्ये कृतीतून आणि शोधातून, बालकेंद्री रीतीने शिकवावे, शक्य तितके मातृभाषेतून शिकवावे आणि मुलाच्या मनातली भीती दूर करावी, असे सांगितले आहे. कलम १७ प्रमाणे मुलाला मारणे आणि मानसिक त्रास देणे यांना मनाई आहे. आपले वर्ग शाळेबाहेरचे, स्वयंसेवेचे असले तरी छडी आपल्याकडेही नको. देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या मुलाला घाबरवून आपण त्याला देवाच्या प्रीतीविषयी काय सांगणार?

आता मंडळीतल्या माझ्या बंधुभगिनींकडे माझे मागणे आहे. मी ते स्पष्ट शब्दांत मांडते.

एक, वस्तूंइतकाच पैसा माणसावर खर्च होऊ द्या. दप्तराचा फोटो छान येतो. शिक्षिकेने दुपारी दोन तास बसून उद्याची तयारी केली, त्याचा फोटो येत नाही. पण मूल त्या दोन तासांमुळे शिकते. वस्तीवरची बारावी झालेली मुलगी, जिला मुलांची बोली येते, तिला नीट मानधन आणि वर्षातून काही दिवसांचे प्रशिक्षण मिळाले, तर तिच्यापेक्षा चांगली शिक्षिका आपल्याला शहरातून मिळणार नाही.

दोन, मराठी चित्रपुस्तके द्या. मोठ्या अक्षरांची, थोड्या ओळींची. कपाटात कुलपात ठेवायला नव्हे, फाटेपर्यंत हाताळायला. फाटलेले पुस्तक ही आपल्या देणगीची पावती समजा. आणि घरची जुनी कॅलेंडरे टाकू नका. अंक, वार, आठवडा, बेरजेचे कितीतरी खेळ एका कॅलेंडरच्या पानावर होतात.

तीन, ऊसतोडीच्या महिन्यांचा विचार करा. दिवाळीनंतर मुले निघताना शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घेऊन दिले, तर तिकडच्या शाळेत त्यांना बसता येते. मागे राहणाऱ्या आजीला थोडा आधार मिळाला, तर काही मुले गावातच राहू शकतात. ती परतल्यावर दोन महिने रोज एक जादा तास मिळाला, तर गळती थांबते. या खर्चाला फारशी चमक नाही, पण एखादे मूल शाळेत टिकते की कायमचे कोयता धरते, हे इथे ठरते.

चार, भेटीला याल तेव्हा खुर्ची मागू नका. सतरंजीवर बसा. स्वागतगीत झाले की एखाद्या मुलीला म्हणा, मला तुझ्या भाषेतले पाच शब्द शिकव. ती शिकवील, तुम्ही चुकाल, सगळी मुले हसतील. चुकले तरी चालते, हे मुलांना कळण्याचा यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही. मग तिच्या आवडीच्या पुस्तकातले एक पान तिला वाचायला सांगा आणि ती थांबली तर घाई करू नका.

शिक्षिका भगिनींनो, तुम्हाला एवढेच सांगते. पाहुण्यांसाठी वर्ग सजवण्यात यापुढे वेळ घालवू नका. जो धडा चालू आहे तोच चालू ठेवा. पाहुणे त्यात बसतील. मुलाचे उत्तर चुकले तर ‘चूक’ म्हणण्याआधी विचारा, तू हे कसे काढलेस? त्याच्या उत्तरात पुष्कळदा अर्धी वाट बरोबर असते. उरलेली अर्धी त्याच्याबरोबर चाला.

ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली कोसबाडलाच गेल्या. त्यांच्या टेकडीवर पोचायला रस्ता नव्हता, साधने नव्हती, मुलांची भाषाही त्यांना शिकून घ्यावी लागली. आपल्याला रस्ता आहे, कायदा आहे, तुमच्यासारखे देणारे हात आहेत. या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा आपल्या प्रत्येक वर्गात रोज एक तास पातळीप्रमाणे गट बसावेत आणि भिंतीवर मुलांच्या शब्दांचा एक कागद लागावा, एवढे आपण ठरवू या. वर्षाच्या शेवटी किती मुले न पाहिलेली गोष्ट वाचू लागली, तो आकडा याच अंकातून तुमच्यापुढे ठेवू. तो लहान असला तरी खरा असेल.

प्रभूने ज्या बालकाला मध्ये उभे केले, त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी तो आपणा सर्वांना देवो.